कोरं तोंड

तिसऱ्या घासाला माझा जबडा थांबला. विमानतळावरच्या त्या उंच टेबलापाशी मी उभा होतो, समोर मॅडम, शेजारी ठाण्याचे साहेब, आणि माझ्या तोंडात तांदळाच्या भाकरीचा तुकडा उडदाच्या आमटीत भिजलेला. पहिले दोन घास भुकेचे होते, ते नुसते गेले. तिसरा जिभेवर थोडा वेळ राहिला, आणि त्याच्या शेवटाला दुधासारखी एक गोडी आली. ती गोडी मला माहीत आहे. वर्षातून एकदाच येते ती, आणि तीही वांगणीला, आईच्या चुलीपाशी. तांदूळ औंदाचा होता, नवा. हे जिभेनं आधी ओळखलं आणि मला नंतर कळवलं. घास तोंडात तसाच धरून मी बघत राहिलो, साहेब दुसरी भाकरी मोडत होते. थुंकायचं म्हटलं तर कुठे थुंकणार? कागदी रुमाल होता समोर, पण मोठ्या माणसांसमोर तोंडातला चावलेला घास काढून ठेवायचा म्हणजे काय, हे मला आयुष्यात कुणी शिकवलेलं नाही. मी गिळला. गिळताना मुद्दाम गिळला, हे मात्र खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

निवड माझीच होती. दिल्लीला आमची तीन दिवसांची कार्यशाळा होती, विषय कुपोषण आणि स्थानिक आहार. मी मोखाड्याच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी, त्यात त्याच भागातला आणि त्यातल्या त्यात वांगणीचा, तेव्हा मला नेणं भागच होतं. माझ्यासारखा एखादा जोडीला असला की कार्यशाळेला वजन येतं. विमान दोन तास उशिरा सुटणार असं कळल्यावर मॅडमनी खाण्याचा विषय काढला आणि मग तिघेही त्या लांबलचक काचेच्या काउंटरांच्या रांगेसमोर जाऊन उभे राहिलो. इडली, पिझ्झा, छोले, चायनीज. शेवटच्या काउंटरवर भिंतीला वारलीची चित्रं रंगवलेली आणि वर पाटी, गावची चव. मॅडम हसून म्हणाल्या की उमेशराव, आता तुम्ही ठरवायचं, इथे चांगलं काय ते तुम्हालाच कळणार. साहेबांनीही मान हलवली. मला यात सुख झालं, हे सांगायला पाहिजे. पंधरा वर्षं नोकरी केली, पण वरच्या माणसानं मला आतापर्यंत विचारलं ते आकडे. चवीचं कुणी विचारलं नव्हतं.

मी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेलो. भाजीवाल्याकडे आई जशी जाते, हात न लावता, तसा. पिठलं दोनदा गरम केलेलं होतं, कडेला सुकून चिकटलेलं दिसत होतं, ते सोडलं. भरल्या वांग्यावर तेल तरंगत होतं आणि आत काय आहे ते देव जाणे. भात लांब दाण्याचा, फडफडीत, त्याला कसलाच वास नाही. भात म्हणजे काय पांढरा रंग आहे? तोही सोडला. उडदाची आमटी मात्र बरी दिसली, सालासकटची, काळपट, खाली लसणीचे तुकडे. आणि काचेमागे एक बाई भाकऱ्या थापत होती. तिला नऊवारी नेसवली होती, नाकात खोटी नथ. नेसणं तिचं नव्हतं हे लांबूनही कळत होतं, पदर दर थोड्या वेळानं खांद्यावरून घसरे आणि ती मनगटानं वर सारी. पण हात तिचा होता. तांदळाचं पीठ म्हणजे कटकटीचं, उकळत्या पाण्याची उकड काढल्याशिवाय वळत नाही, वळलं तरी थापताना कडा फुटतात. ही बाई गार पाण्यानं पीठ मळत होती आणि तरी भाकरीची कड एकसारखी गोल, कुठे चीर नाही. मी मनात म्हटलं, काय हात आहे! तव्यावर भाकरी पडली आणि वास आला. मी वळून साहेबांना सांगितलं, भाकरी आणि उडदाची आमटी घ्या, बाकी काही घेऊ नका. गार पाण्यात पीठ वळतं कशामुळे, हा वास एवढा कशामुळे सुटतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या तांदळाचं पीठ चिकट असतं, शेंबड्या पोराला ठाऊक असतं ते आमच्याकडे. पण त्या थंडगार हवेत, त्या दिव्यांखाली, मी सगळं त्या बाईच्या हाताच्या खात्यात टाकून मोकळा झालो.

आमच्याकडे नवं धान्य असं तोंडाला लावत नाहीत. हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात कापून झाला, की एक दिवस ठरवायचा. घरातला कर्ता पुरुष नव्याचा भात देवापुढे आणि वाडवडलांपुढे ठेवतो, मग घर खातं. त्यानं तोवर कोऱ्या तोंडानं राहायचं. बाकीच्यांनीही राहायचंच, पण त्याचं तोंड कोरं असणं महत्त्वाचं, कारण ठेवणारा तो. ठेवण्याआधी घरातली मोठी बाई त्याला विचारते, तोंड कोरा हाय का? तो म्हणतो, हाय. बस, एवढाच मंत्र, त्याला भगत लागत नाही की पुस्तक. आणि ते मोडलं तर घरातलं लहान माणूस जातं, असं आमची आई मानते. नुसतं मानते नाही, तिनं ते बघितलेलं आहे. दिल्लीहून आलो की रविवारी आमच्याकडे नवं होणार होतं. आईनं तसा निरोप दिला होता आणि मी येतो म्हणून सांगितलं होतं. गेल्या वर्षी निवडणुकीच्या कामात मला जमलं नाही, तर नवा तांदूळ कणगीत तसाच राहिला आणि आई मार्गशीर्षापर्यंत थांबली. थांबली म्हणजे मी येईपर्यंत तिनं त्यातला दाणाही चुलीवर चढवला नाही.

मॅडमनी विचारलं, का हो, थांबलात का? मी म्हटलं, पोट भरलं. अडीच भाकऱ्या पानात राहिल्या. आमच्या घरात पानात भाकरी टाकून कुणी उठल्याचं मला आठवत नाही. ताट ठेवायच्या निमित्तानं मी काचेपाशी गेलो आणि बाईला मराठीत विचारलं की तांदूळ कुठला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. बोलण्यावरून तिनं मला धरलं आणि तिच्या बोलण्यावरून मी तिला. नाव नवशी, दाभोशाची. बचत गटातून तिला आणि आणखी दोघींना या कंपनीनं आणलं होतं, पाळीपाळीनं काम. तांदूळ औंदाचा, हळवा, मालकाचा माणूस परवाच पोती टाकून गेला. मी वांगणीचा म्हटल्यावर तिचा थापता हात सावकाश झाला.

"तुमचा नवा झाला का?" तिनं विचारलं.

"नाय अजून. रविवारी हाय."

"मंग?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपलीत टाकली.

"मी नाय खात ह्या. पंधरा दिवस झाले, थापते नं ठेवते," ती म्हणाली. "घरून डबा आनते, जुन्या तांदळाचा. आमचाबी नवा नाय झाला." मग पदर मनगटानं वर सारून तिनं हळूच विचारलं, "ठेवनार कोन, तूच का? सांगशील घरी?"

मागून कुणी तरी हिंदीत दोन भाकऱ्या मागितल्या आणि ती तिकडे वळली. मी हात धुवायला गेलो. तिथल्या नळाखाली हात धरला की पाणी आपोआप येतं आणि काढला की थांबतं. मी चूळ भरली, पुन्हा भरली. आरशात एक शर्ट खोचलेला, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस चूळ भरत होता, आणि मला त्याची कीव आली नाही की हसूही आलं नाही. पंधरा वर्षं गावोगाव फिरून मी लोकांना सांगत आलो आहे की मूल अशक्त होतं ते खायला न मिळाल्यानं, वजनाच्या तक्त्यात कुठल्या रेघेखाली गेलं की काय करायचं, हे मी बायकांना फळ्यावर काढून दाखवलं आहे. खाल्ल्यानं मूल जात नाही. हे मी तोंडानं म्हणून बघितलं. मग खिशातून मोबाइल काढून बायकोला, नीताला फोन लावला आणि पहिलं काय विचारलं, तर आमची पोर, हर्षाली कशी आहे. नीता मोखाड्याच्या शाळेत शिक्षिका, तिची मधली सुट्टी चालू होती. ती म्हणाली, बरी आहे, सकाळी जरा अंगात कणकण होती, शाळेत आली नाही, शेजारी ठेवली आहे. कणकण म्हणजे किती, मी विचारलं. ती म्हणाली की कणकण म्हणजे कणकण, त्यात किती काय. मी सगळं सांगितलं. ती तिच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली की आईंना यातलं एक अक्षर सांगू नका, त्या उगाच जिवाला लावून घेतील, आणि तुम्ही शिकलेले आहात. शिकलेला आहे हे मला मान्य होतं. तरी फोन ठेवून मी पुन्हा एकदा चूळ भरली.

विमानात मला खिडकी मिळाली होती, मॅडमनी आग्रहानं दिली, पहिलीच वेळ ना, म्हणून. खाली ढग होते आणि ढगांत बघण्यासारखं काही नसतं. मी सोनीचा चेहरा आठवायला लागलो, तो येईना. सोनी माझी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ती गेली तेव्हा मी दहाचा असेन. चेहरा आठवत नाही, ओठ आठवतात, त्यांना चिकटलेला हिरवट कोंडा आठवतो. भादव्याचे दिवस होते. भादवा आमच्याकडे वर्षाचं तोंड मिटवणारा महिना. जुनं सरलेलं, नवं शेतात उभं. कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, उकडून, पुन्हा उकडून आम्ही खात होतो. त्या दिवशी मी शेरडं घेऊन माळाला गेलो होतो. दुपारी परत आलो तर दारातच वास आला, भाताच्या हिरव्या कणसांचा, तव्यावर भाजून कांडल्याचा. उंबऱ्यात सोनी बसलेली, ओठांना कोंडा, आणि हसत होती बहुतेक. दाणे पुरते भरलेही नव्हते, दूध आटत आलेलं नुसतं. अंगणात बा उभा होता. आई आत चुलीकडे तोंड करून बसली होती. मी काही विचारायच्या आत बा म्हणाला, मी दिला. एवढंच बोलला. मग कोयता घेऊन पुन्हा उताराकडे गेला.

महिन्याभरानं सोनी गेली. ताप आणि खोकला. आता मला त्याचं नाव लिहिता येतं, कुपोषणाची श्रेणीही लिहिता येते. तेव्हा बानं आणि पुंजाकाकानं तिला झोळीत घालून जव्हारच्या वाटेला लावलं होतं आणि निम्म्या वाटेवरून ते परत आले. दिवस घातले त्या वेळी जाणती माणसं अंगणात बसली आणि त्यांनी विचारलं की नव्याआधी कुणी तोंडाला लावलं होतं का. आमच्याकडे हे विचारतातच, त्यात दुष्टावा नसतो, पोस्टमन पत्ता विचारतो तसं विचारतात. बा उठून उभा राहिला आणि म्हणाला, मीनी दिला पोरीला, माझ्या माथी. मग ठरलं की जिव्यानं, म्हणजे बानं, आता नवं ठेवायचं नाही. दुसऱ्या वर्षापासून आमच्या घरचं नवं पुंजाकाका येऊन ठेवायचा. बा बाहेर, मोहाच्या झाडाखाली एक चपटा दगड आहे, त्याच्यावर घराकडे पाठ करून बसायचा. आतलं झालं की आई त्याचं पान तिथे नेऊन द्यायची आणि तो खाली मान घालून खायचा. मी अठराचा झाल्यावर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी ठेवायचो आणि दारातून मला बाची पाठ दिसायची. मला त्याचा राग यायचा. लहानपणी तर मी त्याच्याशी धड बोलत नसे. एवढा धीर धरवला नाही का त्याला, महिनाभर? पुढं दहा-बारा वर्षांनी आमच्या बाजूचं नाव पेपरात आलं, गाड्या आल्या, वजनकाटे आले, त्यातूनच मला नोकरी लागली, आणि मला कळलं की बानं काही गुन्हा केला नव्हता. तेही मी त्याला सांगितलं नाही. सांगायला बसावं लागतं, आणि आम्ही दोघं कधी एकत्र बसलोच नाही. तो सहा वर्षांपूर्वी गेला. हवाईसुंदरीनं खायला काही हवं का विचारलं, मी नको म्हणालो.

दिल्लीत तीन दिवस मी जे बोलायचं ते बोललो. दुसऱ्या दिवशी माझी पंधरा मिनिटं होती. मी नागली, कंद, रानभाज्या, उडीद यांच्याविषयी पडद्यावर दाखवलं, टाळ्या बऱ्या पडल्या. कुणीतरी विचारलं की स्थानिक लोकांच्या काही समजुती आहाराच्या आड येतात का. मी म्हणालो, येतात, पण हळूहळू कमी होत आहेत. हे म्हणताना माझा आवाज स्वच्छ होता. रोज दोनदा नीताला फोन करत होतो आणि हर्षालीच्या अंगाला हात लावून सांग म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, एकदम बरी आहे, खेळते आहे. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी वाटलं, सोनीला महिना लागला होता.

रविवारी सकाळी मोखाड्याहून आम्ही तिघं जीपनं निघालो. मागे दोन बायका बाजाराच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या, हर्षाली मांडीवर. जीप पुढे जाईना तिथून अर्धा तास चाललो. उतारावरचा भात कापून झाला होता, खाचरांतून नुसते बुडखे उरले होते. नीता चालता चालता एकदाच म्हणाली, ठरलंय ना? मी म्हटलं, ठरलंय. आणि ठरलंच होतं. आईचं वय झालेलं, तिला आता काय त्रास द्यायचा. हाय म्हणायचं, ठेवायचं, जेवायचं आणि दुपारच्या जीपनं परत यायचं. माझ्याच घरात माझ्याच तोंडाची तपासणी कुणी करणार नव्हतं.

आईनं घर सारवून ठेवलं होतं. गोदामावशी गोदामावशी करत शेजारच्या पोरी हर्षालीला बघायला आल्या आणि आईनं त्यांना हाकलल्या, म्हणाली, नवा झाल्यावर या. चुलीवर दोन भांडी होती, मोठं आणि लहान. मोठ्यात नव्याचा भात. लहान भांडं मला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे, त्यात जुना तांदूळ शिजतो, आईपुरता. नव्याच्या दिवशीही आई जुनंच जेवते. मग पुढेही, कणगीतला जुना तांदूळ सरेपर्यंत, आणि तो कधी सरतच नाही, कारण ती वर्षभराचा तेवढा वेगळा काढून ठेवते. मी लहान असताना विचारलं होतं तर म्हणाली होती, जुना संपवाया नको का कोनी? आम्हाला वाटायचं, काटकसर. नीताला तर त्याचं कौतुक होतं, ती शाळेत मुलांना सांगायची.

पाट मांडला. पळसाची पानं मांडली, देवाचं एक, वाडवडलांचं एक. मी अंघोळ करून ओल्या केसांनी पाटावर बसलो. हर्षाली एक कणीस घेऊन त्याचे दाणे सोलत होती, नीतानं तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. आईनं भाताचं भांडं उतरवून माझ्यासमोर ठेवलं, झाकण काढलं. तोच वास. काचेमागचा, तव्यावरचा. मला त्या वासानं एकदम भूक लागली आणि भुकेची लाज वाटली. दार उघडं होतं आणि दारातून मोहाखालचा दगड दिसत होता, त्यावर कुणी नव्हतं.

"तोंड कोरा हाय का?" आईनं विचारलं.

हाय म्हणायला मी तोंड उघडलं.

"नाय," मी म्हणालो.

नीतानं डोळे मिटून घेतले. आईचा हात झाकणावरच राहिला. तिनं मला पुन्हा विचारलं नाही. तिनं पहिल्यांदा हर्षालीकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, मग माझ्याकडे.

"कोनी दिला?"

"कोनी नाय. मीच घेतला. इमान सुटतं तिकडं. मला कळला नाय पयला, मंग कळला. कळल्यावर एक घास गिळला. भूक लागली व्हती, आये."

"भूक लागली व्हती," ती म्हणाली.

मला वाटलं, आता पुंजाकाकाला बोलवायला पाठवणार. पुंजाकाका पलीकडच्या पाड्यावर, अजून चालतो-फिरतो. मी तशी तयारी केली मनाची. दगड रिकामाच होता, जाऊन बसायचं, घराकडे पाठ करायची. त्याचं मला फार काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर बरंच वाटलं, एकदा तिथून कसं दिसतं ते बघावं. मी पाटावरून उठायला लागलो तेव्हा आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"सोनीलाबी भूकच लागली व्हती," ती म्हणाली. "दोन दिस रडं ती. मंग तिचा रडनाच बंद झाला, ताच मला बघवला नाय. कनसा मीच कापली. मीच भाजला नं मीच दिला. तुझा बा मंग आला शेतावरून. त्यानी बघितला नं मला म्हनला, तू बोलू नको. बाईला गाव काढून टाकील, म्हनला. मी बोलले नाय."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं, तिनं ते सवयीनं आत सारलं. हर्षालीनं आजीला विचारलं की सोनी कोण, आणि नीतानं तिला जवळ ओढून गप्प केलं. मला राग आला. हे लिहायला मला काही अडचण नाही, मला आईचा भयंकर राग आला, पाटावर बसल्या जागी माझे कान तापले. वीस वर्षं तो माणूस त्या दगडावर बसला आणि ही इथून त्याच्या पाठीकडे बघत राहिली, पान नेऊन देत राहिली. मग मला तिचं ते लहान भांडं दिसलं, चुलीच्या कडेला, काळं, बुडाशी पोचा आलेलं. सव्वीस वर्षांचा हिशेब मी मनातल्या मनात करून बघितला, एक वर्ष सुटलं का कुठे. नव्हतं सुटलं. बाला निदान नव्याचं पान मिळत होतं. राग गेला असं नाही. पण तो ठेवायला मला जागा सापडेना.

आईनं देवापुढचं पान तसंच रिकामं ठेवलं. वाडवडलांचं पान उचललं, त्यावर भांड्यातला वरचा, न मोडलेला भात काढला, थोडी आमटी वर घातली. उठताना तिला गुडघ्यावर हात टेकावा लागला. मी पुढे झालो तर नको म्हणाली. ती बाहेर गेली, अंगण ओलांडून मोहाच्या झाडाखाली गेली आणि पान त्या चपट्या दगडावर ठेवलं. आम्ही तिघं दारात उभे राहिलो. शेजारच्या पोरी कुंपणापाशी आल्या होत्या, त्याही बघत होत्या. पुंजाकाकाला संध्याकाळपर्यंत कळणार आणि पाड्यालाही, हे आईला ठाऊक असणारच. तिनं आवाज खाली केला नाही.

"घे जिव्या," ती म्हणाली. "तुझा तोंड कोरा व्हता."

मग ती तिथंच, दगडाशेजारी जमिनीवर बसली. पानावरचा थोडा भात तिनं आपल्या ओंजळीत घेतला, बराच वेळ हातात धरला आणि तोंडात घातला. ती सावकाश चावत होती, दात फारसे राहिलेले नाहीत तिला. मी जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसलो. हर्षालीही धावत आली आणि मला टेकून उभी राहिली. तिचं अंग मी हातानं बघितलं, गार होतं. आईनं घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ घालाया इसरले मी," ती म्हणाली. "जा, घेऊन ये."